शेजाऱ्याला उतारशाळेपर्यंत नेताना : शहरात मदतीची दारे कशी शोधावीत?



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. याजक व लेवी बाजूने निघून गेले आणि परका शोमरोनी थांबला, हा त्या दाखल्याचा गाभा आपल्या मनात पक्का ठसलेला आहे. परंतु त्यातील आणखी एका माणसाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो माणूस म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत आणले. दुसऱ्या दिवशी दोन दिनार रखवालदाराच्या हाती देऊन तो पुढच्या प्रवासास निघाला. सर्व काही त्याने एकट्याने केले नाही. त्या वाटेवर उतारशाळा कोठे आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याची करुणा फलद्रूप झाली.

शहरात राहणाऱ्या आपणा ख्रिस्ती जनांनी या गोष्टीचा विचार अवश्य करावा. आपल्या मनात दया नाही असे नव्हे. शेजारी संकटात सापडला की आपण हळहळतो, प्रार्थना करतो, शक्य असेल तर खिशात हातही घालतो. पण त्याला नेमके कोठे न्यावे, कोणाला भेटावे, कोणती कागदपत्रे सोबत घ्यावीत हे ठाऊक नसल्यामुळे आपली मदत बहुधा रस्त्याच्या कडेलाच थांबते. उतारशाळेचा रस्ता माहीत असणे हा प्रीतिसेवेचाच एक भाग आहे. तो रस्ता दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाव होते तेव्हा आणि आता

वसईच्या वाड्यांमधून आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांमधून मदत शोधावी लागत नसे. कोणाच्या घरी आजारपण आले, मृत्यू झाला किंवा चूल पेटली नाही, तर ती बातमी संध्याकाळच्या घंटेपूर्वी सर्वांना कळत असे. शेजारीण भाकरी घेऊन येई आणि तरुण मुले रुग्णाला उचलून डॉक्टरांकडे नेत.

आज चित्र बदलले आहे. २००९ साली चार नगरपरिषदा व आसपासची अनेक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. नालासोपारा आणि विरार येथील इमारतींमध्ये आज जी कॅथलिक कुटुंबे राहतात, त्यांपैकी कित्येक मुंबईच्या चाळींतून आली आहेत. पुणे, पिंपरी-चिंचवड व नवी मुंबई येथे अहिल्यानगर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून आलेले आपले मराठी भाषक श्रद्धावंत बांधव मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा गाव मागे राहिला. नव्या ठिकाणी समोरच्या दारावर कोणाचे नाव आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

त्यात भर पडते ती संकोचाची. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे म्हणून आपण घरातील अडचण घरातच ठेवतो. नोकरी गेलेला बाप सहा महिने रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो. मार खाणारी सून रविवारी मिस्साला येताना चेहऱ्यावरचा वळ पदराखाली लपवते. अखेरीस मूठ उघडते तेव्हा दागिने गहाण पडलेले असतात, सावकाराचे व्याज चढलेले असते आणि ज्या मदतीवर आपला अधिकार होता तिची वेळ टळून गेलेली असते. मदत मिळण्यात वेळेचे महत्त्व किती मोठे आहे हे पुढे रुग्णालयाच्या संदर्भात दिसून येईल.

पहिले दार : आपला धर्मग्राम

ख्रिस्तसभेने गरजवंतांच्या सेवेची व्यवस्था अगदी आरंभीच लावली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची हकिगत आहे. यरुशलेम येथील समूहात दररोज अन्नवाटप होत असे. परंतु ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली. त्या विधवा बाहेरून आलेल्या, वेगळ्या भाषेच्या होत्या. कोणाकडे जावे हे त्यांना समजत नव्हते. प्रेषितांनी ती तक्रार दडपली नाही. त्यांनी समूहाकडून सात जणांची निवड करवून हे काम त्यांच्याकडे सोपविले. शहरातील नवख्या कुटुंबांची आजची अवस्था त्या विधवांपेक्षा फारशी निराळी नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या 'देउस कारितास एस्त' या विश्वपत्रात शब्दाची घोषणा व संस्कारांची उपासना यांच्याबरोबरीने प्रीतिसेवा हेही ख्रिस्तसभेचे मूलभूत कार्य असल्याचे स्पष्ट केले आहे.

बहुतेक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह ही संस्था सुरू केली. या तरुणांकडे उत्साह होता, पण गरजू कुटुंबे कोठे राहतात हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या वस्तीत वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना घरे दाखवली, गरिबाच्या दारात कसे उभे राहावे हे शिकवले. पुढे ओझानाम यांना १९९७ साली व सिस्टर रोझाली यांना २००३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.

या संस्थेचे सभासद आजही शक्यतो दोघे मिळून घरी भेट देतात आणि जे पाहिले-ऐकले ते गुप्त ठेवतात. धान्य, औषधे, शाळेची फी यांसाठी ते यथाशक्ती साहाय्य करतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयात जावे, आपल्या फादरांना किंवा सिस्टरांना एकांतात पाच मिनिटे मागावीत, अथवा आपल्या लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाला सांगावे. बोलताना 'आमची परिस्थिती वाईट आहे' एवढेच न म्हणता अडचण स्पष्ट सांगावी : घरात किती माणसे, कमावते कोण, कर्ज किती, आणि या आठवड्यात तातडीने कशाची गरज आहे. गरज स्पष्ट असेल तर ऐकणाऱ्यालाही योग्य दार लवकर आठवते.

धर्मग्रामाच्या मदतीला मर्यादा असतात, हेही लक्षात ठेवावे. हृदयशस्त्रक्रियेचा लाखो रुपयांचा खर्च दानपेटीतून भागणार नाही. तेथे पुढची दारे उघडावी लागतात. ती उघडण्यासाठी धर्मग्रामाकडून सोबत मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

आजारपण आणि रुग्णालयाचे बिल

कुटुंब कर्जात बुडण्याचे एक मोठे कारण आजारपण होय. महाराष्ट्रात यासाठी तीन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती काही जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ साली तिचे नाव बदलले. २०२३ सालच्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना, म्हणजे पिवळी, केशरी व पांढरी अशा सर्व शिधापत्रिकांना, तिच्या कक्षेत आणले गेले आणि संरक्षणाची मर्यादा प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये झाली. योजना केवळ तिच्यात समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच लागू होते. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी असतो. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन त्याला भेटावे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. ज्येष्ठांसाठी आणखी एक सोय झाली आहे : आयुष्मान भारत योजनेखाली ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, 'वय वंदना' कार्ड मिळू शकते.

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. यासाठी बिलांच्या रकमेतील दोन टक्के भाग 'निर्धन रुग्ण निधी'त जमा होतो. शहरातील अनेक नामांकित खाजगी रुग्णालये याच व्यवस्थेत मोडतात आणि सामान्य माणसाला ते ठाऊक नसते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका यांवरून पात्रता ठरते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णालयाने अनामत रकमेसाठी न अडता रुग्णाला दाखल करून प्राण वाचविण्याचे उपचार द्यावेत, अशी तरतूद आहे. टाळाटाळ झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

तिसरा मार्ग साहाय्य निधीचा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून ठरावीक गंभीर आजारांसाठी मदत मिळते आणि अनेक जुने विश्वस्त निधीही वैद्यकीय साहाय्य देतात. कोणत्या निधीकडे कोणत्या आजारासाठी अर्ज करावा हे मोठ्या रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला चांगले माहीत असते. म्हणून रुग्णालयात पाय ठेवल्यावर डॉक्टरांच्या खालोखाल कोणाला भेटावयाचे असेल, तर ते या समाजसेवकाला.

येथे वेळेचा मुद्दा येतो. या साऱ्या सोयी दाखल होतानाच विचारावयाच्या असतात. समजा, नालासोपाऱ्यातील एका रिक्षाचालकाच्या पत्नीला रात्री छातीत दुखू लागले आणि घरच्यांनी घाईत जवळच्या खाजगी रुग्णालयात तिला दाखल केले. चौथ्या दिवशी बिल हाती आल्यावर ते फादरांकडे धावले, तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. शासकीय योजनेत उपचारांपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. भरून टाकलेले बिल परत मिळत नाही. पहिल्याच रात्री कोणी एकाने '१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि योजनेत असलेल्या अमुक रुग्णालयात चला' एवढे सांगितले असते, तर त्या कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई वाचली असती. आपल्या घराजवळची कोणती रुग्णालये योजनेत आहेत याची माहिती निरोगी असतानाच काढून ठेवावी.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणखी दोन ठिकाणांचा उल्लेख आवश्यक वाटतो. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावाहून टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. आजच्या काळातील उतारशाळा ती हीच. आणि उपचारांची आशा संपलेल्या रुग्णांसाठी वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. तेथे धर्मभगिनी अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करतात. वेदना कमी करून, सन्मानाने अखेरचे दिवस घालविता यावेत यासाठी केलेली ही सेवा धर्म, जात न पाहता दिली जाते.

वृद्धापकाळ

मुले परदेशी, आखाती देशांत किंवा दूरच्या उपनगरात गेली आणि घरात दोघे वृद्धच उरले, असे चित्र आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून सुरू केला, तो याच जाणिवेतून.

ज्यांना कोणाचाच आधार नाही आणि ज्यांचे उत्पन्न अत्यल्प आहे अशा पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. निराधार विधवा, दिव्यांग व गंभीर आजारी व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ साली या योजनांचे मासिक अनुदान दीड हजार रुपये करण्यात आले. अर्ज तहसीलदार कार्यालयात किंवा सेतू केंद्रात करावा लागतो.

मुले सांभाळत नसतील, तर २००७ सालच्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याचा आधार आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या नागरिकांना लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजेच प्रांतसाहेबांच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. हे न्यायाधिकरण महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर करू शकते.

याच कायद्यातील कलम २३ जमीनजुमला असलेल्या आपल्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे. प्रेमापोटी घर किंवा वाडी मुलाच्या नावे करून देताना बक्षीसपत्रात 'आमचा सांभाळ करावा' ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. अशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट लिहिण्यात मुलाविषयी अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. दोन्ही बाजूंचे कर्तव्य कागदावर आले म्हणजे पुढील काळातील कटुता टळते.

एकटेपणा, छळ किंवा मार्गदर्शन यांसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. ज्यांना घरच नाही अशा गरीब वृद्धांसाठी अंधेरी येथे 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या धर्मभगिनींचे वृद्धाश्रम आहे. २००९ साली संतपद लाभलेल्या जान जुगान या त्यांच्या संस्थापिका. अशा आश्रमांत जागा मर्यादित असते. म्हणून अगदी शेवटच्या क्षणी धावपळ करण्याऐवजी आधीच चौकशी करावी.

घरातील हिंसा, व्यसन आणि खचलेले मन

या तीन दुःखांविषयी आपण सर्वांत कमी बोलतो आणि सर्वांत उशिरा मदत मागतो.

विवाह हा पवित्र संस्कार आहे. परंतु त्या पावित्र्याचा आधार घेऊन मारहाण सहन करावयास सांगणे ही ख्रिस्ताची शिकवण नव्हे. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार पीडित स्त्री संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते. त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश व निर्वाहखर्च तिला मागता येतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. आज राज्यातील अनेक पोलीस ठाण्यांत असे कक्ष आहेत आणि तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या स्त्रीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात. महिलांसाठी १८१, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. एखादी भगिनी आपल्याकडे रडत आली, तर तिला 'सहन कर' असे सांगून परत पाठवू नये. तिच्यासोबत तेथवर जावे.

दारूचे व्यसन हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनची सुरुवात केली; वसईतही तिचे केंद्र आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा अनेक ठिकाणी चर्चच्या आवारातील खोल्यांमधून भरतात. तेथे शुल्क नसते, नोंदणी नसते आणि आडनाव विचारले जात नाही. व्यसनी माणूस यावयास तयार नसेल, तरी पत्नीने व मुलांनी थांबून राहू नये. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे स्वतंत्र गट आहेत.

मन खचलेल्यांसाठी केंद्र शासनाने २०२२ साली 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, बोलता येते. जीवन संपविण्याचे विचार मनात येणे हे पाप लपविल्यासारखे लपवू नये. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न पाहता तीव्र ताणाचे लक्षण म्हणून पाहण्याची भूमिका घेतली आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की, ज्यांनी स्वतःचे जीवन संपविले त्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. ज्या घरावर असा आघात झाला आहे, त्या घराकडे तर आपण आवर्जून जावे. तेथे प्रश्न विचारू नयेत, नुसते बसावे.

शासकीय कार्यालयात जाताना

वरील बहुतेक योजनांसाठी तीच ती कागदपत्रे लागतात : शिधापत्रिका, आधारपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि छायाचित्रे. ही सर्व एका पिशवीत, प्रत्येकाच्या दोन प्रतींसह, तयार ठेवावी. दिव्यांग व्यक्तीचे वैश्विक ओळखपत्रही वेळीच काढून घ्यावे. गावाकडून आलेल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे की, शिधापत्रिका गावची असली तरी धान्य शहरातील शिधावाटप दुकानात मिळू शकते. केवळ धान्यासाठी नाव कापून नवीन पत्रिका काढण्याची गरज नाही.

अर्ज दिल्यावर पोच अवश्य घ्यावी. २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्ज नाकारला तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते, आणि त्यावर अपील करता येते. 'साहेब नाहीत, उद्या या' हे ऐकून परत फिरणाऱ्या माणसाच्या हाती पोच असली, तर त्याचे बोलणे निराळे होते.

न्यायालयाची पायरी चढावी लागली, तर विनामूल्य वकील मिळू शकतो. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार व आपद्‌ग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत दिली जाते. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

सावधगिरी

अडलेल्या माणसाभोवती दलाल लवकर जमतात. 'योजना मंजूर करून देतो, आधी पाच हजार द्या' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. वर सांगितलेल्या योजनांच्या मंजुरीसाठी कोणालाही दलाली द्यावी लागत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. सेवाभावी संस्थेकडे जाताना ती नोंदणीकृत आहे का, पैशांची पावती देते का, आणि तिच्याकडे पूर्वी गेलेल्या कुटुंबाचा अनुभव काय, एवढे विचारून घ्यावे. प्रार्थनेने आजार बरा होईल, औषधे बंद करा, असे सांगणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये.

धर्मग्राम काय करू शकेल?

प्रत्येक कुटुंबाने हे सारे पाठ करावे अशी अपेक्षा नाही. परंतु प्रत्येक धर्मग्रामात निदान दोन माणसे अशी असावीत की ज्यांना हे रस्ते माहीत आहेत. निवृत्त परिचारिका, तहसील कार्यालयात नोकरी केलेले गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेल्या भगिनी, वकिली करणारे तरुण : आपल्यातच ही माणसे आहेत. धर्मग्राम परिषदेने त्यांना बोलवावे आणि रविवारच्या मिस्सानंतर तासभर त्यांनी कार्यालयाशेजारी बसावे, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

त्यांनी प्रथम एक पानाची यादी तयार करावी : जवळची योजनेतील रुग्णालये, धर्मादाय रुग्णालये, तहसील व प्रभाग कार्यालय, पोलीस ठाण्यातील विशेष कक्ष, व्यसनमुक्तीच्या सभांचा वार व वेळ. यादीतील प्रत्येक ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे, कारण कार्यालये हलतात, क्रमांक बदलतात आणि जुनी यादी गरजवंताला उगाच हेलपाटे घालावयास लावते. दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात गरिबांचा जागतिक दिन येतो. २०१७ पासून तो साजरा होत आहे. त्या रविवारी नवी, तपासलेली यादी चर्चच्या दारावर लावण्याची प्रथा पाडता येईल. लहान ख्रिस्ती समूहांनी ती आपल्या इमारतीतील हिंदू, मुस्लीम, बौद्ध शेजाऱ्यांनाही द्यावी. दाखल्यातील जखमी माणसाला त्याचा धर्म कोणी विचारला नव्हता.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबत. भांबावलेल्या माणसाला नुसता पत्ता दिल्याने भागत नाही. तहसील कार्यालयाच्या रांगेत, रुग्णालयाच्या खिडकीपाशी, पोलीस ठाण्याच्या बाकावर शेजारी आपले कोणी बसलेले असले की अर्धे ओझे उतरते.

शोमरोनी निघताना रखवालदाराला सांगून गेला की, अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा तो देईन. म्हणजे तो पुन्हा येणार होता. आपणही एखाद्या कुटुंबाला योग्य दारापर्यंत पोहोचविल्यावर आठवड्याने त्यांची पुन्हा चौकशी करावी : अर्ज स्वीकारला का, औषधे मिळाली का, आता कशाची गरज आहे. त्या दुसऱ्या भेटीत बहुधा ती गोष्ट कळते जी पहिल्या भेटीत संकोचामुळे सांगितलेली नसते.

दाखला संपवून प्रभू येशूने शास्त्र्याला जी आज्ञा केली, तीच आपणा सर्वांनाही आहे : जा आणि तसेच करा. ती पाळण्याचे बळ प्रभू आपणास देवो.